स्टाफ रजेवर आहे

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ९.२०

आजपासून रोजनिशी. धंदा वाढवायचा तर मालकाने रोज लिहून ठेवलं पाहिजे, असं एका व्हिडिओत सांगितलं. व्हिडिओ चाळीस मिनिटांचा. मी अकरा मिनिटं पाहिला, पण मुद्दा कळला.

सद्यःस्थिती. दुकान: नावाच्या पाट्या, ट्रॉफ्या, ढाली, रबरी शिक्के. कोरायचं मशीन एक. कोरणारा एक, मी. फोन दोन, दोन्ही वाजतात. आतापर्यंत फोन ही घ्यायची. ही म्हणजे बायको. रोजनिशीत सगळं स्पष्ट लिहावं असंही त्या व्हिडिओत होतं.

ही शुक्रवारी तिच्या बहिणीकडे गेली. जरा बदल म्हणून.

कारण, नोंदीपुरतं: एक सुटाबुटातले गृहस्थ शंभर ढालींची चौकशी करायला आले होते. हिच्याकडे बघून त्यांनी विचारलं, या कोण. मी म्हणालो, आमच्या स्टाफ आहेत. स्टाफ दिसला की दुकानाचं वजन पडतं. गृहस्थ गेल्यावर हिने पेन्सिल वहीत ठेवली, वही ड्रॉवरमध्ये ठेवली आणि विचारलं की बावीस वर्षांनी हेच तोंडात आलं का. मी विचारलं, मग काय सांगायला हवं होतं? जाताना म्हणाली की तीस तारखेपर्यंत बहिणीकडे आहे. न्यायचं असेल तर स्वतः या. फोन नको, निरोप नको. नाही आलात तर एक तारखेपासून तिथेच खोली घेते, बहिणीच्या शाळेच्या ऑफिसात जागा आहे.

रागात माणूस तारखा देतो. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही. तीन दिवस झाले, झोप व्यवस्थित आहे.

४ नोव्हेंबर, मंगळवार

फोन सव्वीस. घेतले चार. त्यातले दोन राँग नंबर. तिसऱ्याने विचारलं, मॅडम कुठे आहेत? म्हटलं, रजेवर. चौथ्याने तेच विचारलं.

निर्णय: व्हर्च्युअल असिस्टंट ठेवणार. म्हणजे असतं माणूसच, पण आपल्या घरी बसून आपलं काम करतं. फोन त्याच्याकडे वळतात, ऑर्डरी तो लिहून घेतो, संध्याकाळी आपल्याला रिपोर्ट. त्याला खुर्ची लागत नाही, चहा लागत नाही, आणि तो बहिणीकडे जात नाही. गेला तरी आपल्याला कळत नाही.

शेजारच्या फ्रेमवाल्याला सांगितलं. तो काच कापत होता. मान वर न करता म्हणाला, असिस्टंट कसला ठेवतोस, सकाळची बस पकड, अडीच तासांत पोचतोस, वहिनींना घेऊन ये. फ्रेमवाला मनाने चांगला आहे. पण बावीस वर्षं एकच दुकान, एकच टेबल. दृष्टी नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी ३.००

मुलाखती झाल्या, व्हिडिओवर. इस्त्री सापडली नाही. कॅमेऱ्यात छातीपर्यंतच दिसतं म्हणून तेवढाच शर्ट तळहाताने दाबून सरळ केला. मागे ट्रॉफ्या मांडल्या. त्यांवर भलत्यांचीच नावं असल्यामुळे पाठमोऱ्या ठेवल्या.

पहिल्याने विचारलं, तुमची सिस्टिम काय आहे? मी म्हणालो, तीच तर बसवायची आहे. तो म्हणाला, बसली की कळवा. उद्धट. दुसरीचा आवाज छान होता, पण नेट गेलं ते गेलंच.

तिसरी चाळिशीची असावी. मागे पांढरी भिंत, भिंतीवर घड्याळ. कमी बोलते. तिने विचारलं, आधी हे काम कोण करायचं? मी म्हणालो, एक जुन्या कर्मचारी होत्या, सध्या रजेवर आहेत. किती वर्षं होत्या? बावीस. याआधी रजा कधी घेतली होती? मला आठवेना. म्हणालो, ही पहिलीच. तिने लिहून घेतलं. काय लिहिलं ते दिसलं नाही.

नेमणूक केली. सोमवारपासून.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

साडूचा फोन. आधी हवापाण्याचं बोलला. मग म्हणाला, बघा बुवा, मी मध्ये पडत नाही, पण या रोज बसच्या वेळेला बाल्कनीत जाऊन उभ्या राहतात. मी म्हटलं, त्या बाजूला हवा चांगली आहे. साडू म्हणाला, हो, हवा चांगली आहे.

या रविवारी जाऊन यायला हरकत नव्हती. पण सोमवारी असिस्टंट रुजू होणार, आदल्या दिवशी मालक गावाला हे बरं दिसत नाही. पुढच्या रविवारी नक्की.

१० नोव्हेंबर, सोमवार

असिस्टंट रुजू. तिने लेखी सूचना मागितल्या. आवडलं. बसून तयार केल्या. मालकाला कोरताना त्रास देऊ नये. घरगुती फोन मालकापर्यंत आणू नयेत. जे काम ठरल्या दिवशी झालं नाही ते आपोआप पुढच्या रविवारवर ढकलावं. ही शेवटची कल्पना माझी स्वतःची आहे. काहीच कधी चुकत नाही.

कामाची पद्धत विचारली तेव्हा ड्रॉवरमधून हिची वही काढली आणि पानांचे फोटो पाठवले. पाटीची ऑर्डर घेताना ही चार प्रश्न विचारायची. दार लाकडी की लोखंडी? बेल कुठल्या बाजूला? भोकं पाडायची की मागे टेप? आणि घरात अजून कोण राहतं?

हा चौथा प्रश्न म्हणजे भोचकपणा आहे. माणूस स्वतःच्या नावाची पाटी करायला येतो, त्याला घरातली माणसं कशाला विचारायची? पण ही विचारायचीच. मग ते घुटमळायचे, घरी फोन करायचे आणि दोन नावं, तीन नावं घेऊन यायचे. एकाने तर आईचं नाव घातलं, तिला वाचताही येत नव्हतं. पाटीचं माप मात्र वाढतं, म्हणून तो प्रश्न ठेवला.

बाकी आमच्या घराच्या दारावर पाटी नाही. चार भोकं आहेत. लग्न झालं त्याच आठवड्यात मी मोजून पाडली होती. गिऱ्हाइकांचं काम आधी, त्यामुळे पाटी राहिली.

१२ नोव्हेंबर, बुधवार

असिस्टंट फार प्रश्न विचारते. निळं ॲक्रिलिक शिल्लक आहे का? शाळेच्या ट्रॉफीवर वर्ष वर लागतं की खाली? वकिलांची पाटी मागच्या वेळी परत का आली होती? प्रत्येकाला मी बघून सांगतो म्हणालो. बघायचं कुठे ते कळेना.

सकाळी चहा दोन कप केला. एक परत भांड्यात ओतला. दुपारी तोच गरम करून प्यायलो. जेवण: ब्रेड, अंडं. काल पण.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

काय सांगावं! सगळं एकदम रुळावर. आता असिस्टंट विचारत नाही, सांगते. वकिलांच्या दारावर दुपारचं ऊन येतं, पांढरा रंग उडतो, म्हणून अक्षरं काळी भरा. निळं ॲक्रिलिक वरच्या फळीवर जुन्या ढालींच्या मागे आहे. पाहिलं तर होतं!

फ्रेमवाल्याला जाऊन सांगितलं की चार दिवसांत सिस्टिम बसवली. त्याने विचारलं, तिला घरबसल्या फळी कशी दिसली? मी म्हटलं, यालाच सिस्टिम म्हणतात.

१६ नोव्हेंबर, रविवार

आज जायचं होतं. सिस्टिम नुकती बसली आहे, लगेच हलवायला नको. पुढच्या रविवारी.

१७ नोव्हेंबर, सोमवार. संध्याकाळी ६.३०

रिपोर्टमध्ये एक ओळ: जुन्या ताईंशी रोजच्याप्रमाणे अर्धा तास बोलणं झालं.

फोन करून विचारलं, कोण जुन्या ताई? असिस्टंट म्हणाली, वहीच्या पहिल्या पानावर त्यांचा नंबर होता, बुधवारी तुम्ही बघून सांगतो म्हणालात म्हणून त्यांनाच विचारलं. त्या रोज चार वाजता फोनवर शिकवतात. फार नीट सांगतात, अजिबात चिडत नाहीत.

दहा मिनिटं डोकं तापलं. मग विचार केला, फुकट ट्रेनिंग मिळतंय, आपलं काय जातंय? स्टाफ रजेवर असूनही काम करतो, यावरून दुकानाची पत कळते.

रिपोर्टच्या शेवटी होतं: ताईंनी विचारलं आहे की सरांचा काही निरोप आहे का.

दीड तास बसलो. मशीन बंद ठेवलं. खूप काही मनात आलं असं नाही. खरं तर काहीच येत नव्हतं. शेवटी लिहिलं: काम उत्तम चाललं आहे, तुमच्यावाचून काहीही अडलेलं नाही, काळजी करू नये. हिला तिथे निवांत वाटावं हा हेतू. वाचून पाहिलं. मोजकं आणि मायेचं झालं आहे. पाठवलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

रिपोर्ट: निरोप शब्दशः सांगितला. ताई ‘बरं’ म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, सरांनी माझी ओळख काय करून दिली आहे? मी सांगितलं, जुन्या कर्मचारी. ताई ‘बरं’ म्हणाल्या.

दोन वेळा बरं. म्हणजे समजुतीने घेतलंय.

१९ नोव्हेंबर, बुधवार

चार वाजताचा अर्धा तास बंद झाला. ताई म्हणाल्या म्हणे, आता तुला सगळं येतंय.

आज दोन पाट्या बिघडल्या. मशीनची सुई बोथट झाली असणार. बदलली. तिसरीही बिघडली.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

रविवारी जायचं, पक्कं. कॅलेंडरवर टाकायला सांगितलं: न्यायला जाणे. असिस्टंटने विचारलं, काय न्यायला? सांगावं लागलं. जुन्या कर्मचारी या माझ्या पत्नी आहेत. ती म्हणाली, तिसऱ्या दिवशीच लक्षात आलं होतं, सर. ताई तुम्ही जेवलात का ते विचारायच्या, कर्मचारी असं विचारत नाहीत.

तिथे गेल्यावर काय बोलायचं ते मला माहीत नाही. हे इथेच लिहितो, दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. असिस्टंटला मुद्दे काढून द्यायला सांगितले.

२२ नोव्हेंबर, शनिवार

मुद्दे आले. पहिल्या मुद्द्यापुढे जागा कोरी. दुसरा: ताईंना बोलू देणे, मध्ये तोडू नये. तिसरा: परतीची बस चार वाजता, दोन तिकिटं.

काम अर्धवट आहे असं तिला स्पष्ट सांगितलं. ती शांतपणे म्हणाली की सर, पहिला मुद्दा मला कुठेही शोधून सापडणार नाही, तो तुम्हालाच भरावा लागेल. तीन वेळा भरायला बसलो. एकदा ‘प्रिय’ एवढं लिहून झालं.

२३ नोव्हेंबर, रविवार

गेलो नाही. पण कारण चांगलं आहे.

सकाळी सुचलं की रिकाम्या हाताने जाण्यापेक्षा घराच्या दाराची पाटीच करून न्यावी. पितळी, आठ बाय चार, भोकं त्याच मापाची आहेत. माझं नाव अठरा मिलिमीटर, हिचं खाली बारा. कागदावर बरोबर दिसेना. दोन्ही पंधरा केली. मग आधी कोण, हा प्रश्न. शेजारी शेजारी घातली तर मावत नाहीत. कागद संपले. पाहिलं तर चार वाजले होते, जायची शेवटची बस गेलेली.

न्यायला जाणे आपोआप तीस तारखेवर गेलं. तीसच तारीख दिलेली आहे, म्हणजे उशीर झालेला नाही.

२६ नोव्हेंबर, बुधवार

त्या सुटाबुटातल्या गृहस्थांची ऑर्डर! शंभर ढाली, सोमवारी सकाळी हव्यात. म्हणाले, तुमच्या स्टाफ बाईंनी ढालीची कडी चुकीच्या जागी आहे हे दाखवलं, म्हणून तुमच्याकडे आलो, नाहीतर शंभर ढाली भिंतीवर वाकड्या लटकल्या असत्या. त्यांना माझे आभार कळवा.

कळवले नाहीत. फोन नको, निरोप नको, असं तिनेच सांगितलंय.

२९ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ५.४५

असिस्टंटचा फोन. उद्या तीस आहे, म्हणाली. मी म्हटलं, कॅलेंडर माझ्यासमोर आहे. तर तिने परस्पर सकाळी सव्वाआठच्या बसचं तिकीट काढून ठेवलेलं! खिडकीची जागा.

अडतीस ढाली बाकी आहेत असं मी दाखवून दिलं. ती म्हणाली, गृहस्थांना विचारलं आहे, सोमवारी संध्याकाळी दिल्या तरी चालतील. मी बजावलं की मालकाच्या गोष्टी मालकाने ठरवायच्या असतात. ती ‘बरं’ म्हणाली.

या बायका सगळ्या ‘बरं’ एकसारखंच म्हणतात.

३० नोव्हेंबर, रविवार

सकाळी ७.१०. दाढी केली. इस्त्री सापडली, कपाटाच्या खालच्या कप्प्यात, इस्त्रीच्या जागेवर. शर्ट नीट झाला.

८.०५. स्टॉपवर. अर्ध्या पानाचा कागद खिशात. पहिला मुद्दा कोराच आहे, वाटेत भरता येईल, अडीच तास आहेत.

रात्री ११.३०, दुकान. बस वेळेवर आली. सव्वाआठ म्हणजे सव्वाआठ. माझी जागा बाहेरून दिसत होती, खिडकीपाशी, रिकामी. कंडक्टरने विचारलं, येताय ना? त्याने पुन्हा विचारलं. मग दार लावून घेतलं.

भीती वाटली म्हणावं तर तसंही नाही. पाय उचलला नाही एवढंच. दुकानात येऊन मशीन सुरू केलं. अडतीस ढाली कोरल्या. एकही चूक नाही.

न्यायला जाणे सात डिसेंबरवर गेलं.

१ डिसेंबर, सोमवार

शंभर ढाली पोचल्या. गृहस्थ खूश.

साडूचा फोन. यांनी काल संध्याकाळी सामान हलवलं म्हणाला. आमच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे, एक खोली, खिडकी चांगली आहे. काल शेवटच्या बसपर्यंत बाल्कनीत होत्या. मग आत येऊन स्वतःच बॅगा बाहेर काढल्या. मी म्हटलं, बरं. बाकी हवा कशी आहे विचारलं. साडूने फोन ठेवला.

३ डिसेंबर, बुधवार

फोन एकवीस, ऑर्डरी सात. असिस्टंटचे रिपोर्ट हल्ली छोटे असतात. चुका नाहीत.

फ्रेमवाला दुपारी येऊन बसला. दोघांचा चहा त्यानेच केला.

५ डिसेंबर, शुक्रवार

आजच्या रिपोर्टमधली चौथी ऑर्डर. पितळी पाटी, आठ बाय चार. दार: लाकडी. बेल: उजवीकडे. भोकं नकोत, मागे टेप. घरात अजून कोण राहतं: कोणी नाही.

मी सवयीने आधी माप बघतो, नाव सगळ्यात शेवटी. नाव हिचं होतं. पुढेमागे काही नाही, नुसतं हिचं नाव.

खाली असिस्टंटने लिहिलं होतं: ताईंनी स्वतः फोन केला. चौथा प्रश्न विचारावा की नाही कळेना, तर ताई म्हणाल्या, विचार, सगळ्यांना विचारतो आपण.

पितळेचा तुकडा तयारच होता, त्या रविवारी कापलेला. नवी सुई लावली. एकच नाव असलं की जागा भरपूर मिळते, अक्षर मोठं घेता येतं. पंचवीस मिलिमीटर घेतलं. दीड तास लागला. पॉलिश केलं. बावीस वर्षांत माझ्या हातून इतकी सरळ पाटी निघाली नव्हती.

असिस्टंटने विचारलं, कुरियरने पाठवायची की सर स्वतः देणार? मी म्हणालो, कुरियर. टेप लावून, पुठ्ठ्यात बांधून ठेवली. कुरियरवाला साडेपाचला घेऊन गेला.

७ डिसेंबर, रविवार. सकाळी ८.००

कॅलेंडरने आठवण दिली: न्यायला जाणे.

असिस्टंटने निरोप ठेवलाय की हे पुढच्या रविवारवर टाकू, की काढून टाकू?

खिशातला कागद काढला. धुतला गेल्यामुळे घड्यांवर फाटलाय, पण पहिल्या मुद्द्याची जागा शाबूत आहे. उभ्या उभ्या भरला. एक मिनिटही लागलं नाही. ‘ही माझी बायको आहे, हिच्यावाचून माझं सगळं अडलंय.’ एवढंच. त्या गृहस्थांनी विचारलं तेव्हा याचा पहिला भाग सांगितला असता तरी चाललं असतं.

फोटो काढून असिस्टंटला पाठवला. अर्धवट काम पूर्ण झालं. तिचं उत्तर लगेच आलं, रविवार असूनही. सर, हे ताईंना पाठवू का?

म्हणालो, नको, फाईलला लावून ठेवा.